दोर, पीळ आणि ताण : दोरशिल्पातील सागरी वारशाचा प्रश्न

दोराची शिल्पे पाहताना सागरी वारशाचा उल्लेख सहज केला जातो; परंतु हा वारसा शिल्पात नेमका कोठे वास करतो, याची चिकित्सा क्वचितच होते. दोराचा नांगर किंवा दोराची नौका करून दाखविल्याने विषय सागरी झाला, एवढेच सिद्ध होते. तेथे दोराऐवजी लाकूड वापरले असते तरी आशयात फारसा फरक पडला नसता. वारसा खरोखर दोराचा असेल, तर तो विषयात नव्हे, दोराच्या घडणीत शोधावयास हवा.

तंतूंना पीळ देऊन सूत, सुतांचे पेड आणि पेडांचा दोर अशी ही घडण आहे. प्रत्येक पायरीवरील पीळ आधीच्या पिळाच्या उलट दिशेचा असतो; एक उलगडू पाहतो तेव्हा दुसरा आवळला जातो आणि या विरोधातूनच दोर टिकून राहतो. इंग्लंडमधील चॅटमच्या गोदीत १७८६ ते १७९१ या काळात बांधलेली दोरशाळा सुमारे ३४६ मीटर लांब आहे. पेड सरळ ताणून धरल्याखेरीज जहाजाचा लांबलचक दोर वळता येत नसे. म्हणून इमारतीलाच ती लांबी घ्यावी लागली. पीळ आणि ताण हे दोराचे दोन धर्म होत.

पोलिश शिल्पकर्त्री माग्दालेना आबाकानोविच (१९३०–२०१७) यांची निर्मिती या कसोटीवर पारखून पाहण्यासारखी आहे. बंदरांत टाकून दिलेले घायपाताचे जुने दोर त्यांनी गोळा केले, उलगडले, धुतले, रंगविले आणि त्या वाखातून ‘आबाकान’ या नावाने ओळखली जाणारी प्रचंड विणीव शिल्पे उभी केली. १९६९ मधील तांबडे आबाकान सुमारे चार मीटर उंच आहे. त्यात ना जहाज आहे, ना लाट. उलट १९७२ मध्ये एडिंबरा येथे त्यांनी अखंड दोर प्रदर्शनगृहाबाहेर काढून शहरातील वास्तूंशी जोडला. प्रथमदर्शनी ही दुसरी कृती वारशाला अधिक जवळची वाटते, कारण तीत दोर दोरच राहिला आहे. पण तो तेथे कोणताही भार पेलत नाही. तो नात्याचे प्रतीक होतो. आबाकान मात्र वरून लोंबते आणि त्याचा प्रत्येक तंतू स्वतःचे वजन झेलतो. दोर नाहीसा झाला, तरी ताण उरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, या म्हणीचा हा अगदी शब्दशः प्रत्यय होय.

यावर असा आक्षेप घेता येईल की, गाठी मारून टांगलेले कोणतेही शिल्प मग सागरी ठरेल. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांची हेंपच्या दोराची शिल्पे या आक्षेपाचे उत्तर देतात. त्यांच्या ‘यक्षी’ (१९८४) सारख्या शिल्पात गाठीवर गाठ बसवून देह वाढतो, जणू वनस्पतीच फोफावत आहे. खलाशाच्या कामाच्या गाठीचा गुण असा की, ती भार धरून ठेवते आणि वेळ येताच सोडविता येते. मुखर्जींची गाठ मात्र कायमची आहे. ती सोडविली तर मूर्तीच उरणार नाही. म्हणून तंत्राचे साम्य असूनही या शिल्पांचे नाते समुद्राशी नाही, अरण्याशी आहे. आणि यात त्यांचे काही उणे नाही.

तथापि, आबाकानचे यश निर्भेळ नव्हे. दोर उलगडताना तो वळणाऱ्या कामगाराचे आणि हाताळणाऱ्या खलाशाचे श्रमही उलगडले गेले. त्यांची नावे आधीच कोठे नव्हती. आता त्यांच्या हातची घडणही उरली नाही. द्रव्याचा धर्म जपताना माणसाची खूण पुसली जाणे, ही या कलेने मोजलेली किंमत आहे. शिल्पाचा गौरव करणाऱ्या समीक्षेने ती हिशेबात धरलीच पाहिजे. एरवी ‘वारसा’ हा शब्द केवळ शोभेचा राहील.