हत्याराची विभक्ती

वाळवंटात टाकून दिलेल्या मोटारी व जुनी हत्यारे यांची छायाचित्रे हा आता एक रूढ प्रकार होऊन बसला आहे. नामिबियातील सॉलिटेअर येथे पेट्रोलपंपाभोवती मोटारींचे गंजलेले सांगाडे रेतीत उभे आहेत. वाटसरू तेथे हटकून कॅमेरा काढतो. कोरड्या हवेत लोखंड सावकाश गंजते. त्यामुळे आकार टिकतो व त्यावर तांबूस पदर चढत जातात. छायाचित्रकारास मोह पडतो तो या पदरांचाच.

व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हत्यार हे करण होय; त्याचे स्थान तृतीयेत. पान्ह्याने नट आवळतात, फावड्याने रेती ओढतात. या छायाचित्रांत ते प्रथमेत येऊन बसते आणि क्रियापद लोप पावते. वॉकर एव्हान्सने 'फॉर्च्यून' मासिकाच्या जुलै १९५५ च्या अंकात साध्या हत्यारांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत गंजाचा आधार नाही. पार्श्वभूमी कोरी, खाली हत्याराचे नाव व चक्क किंमत! पकडीच्या जबड्यावरून ती काय धरील हे तेथे उमगते.

गंज हाही कालाचा पुरावा आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे, परंतु तो पुरावा हवेचा, वापराचा नव्हे. वापराची खूण झिजेत असते. एका कोपऱ्यास अधिक झिजलेले फावड्याचे पाते, किंवा तळव्याने गुळगुळीत झालेला दांडा ज्या छायाचित्रात स्पष्ट दिसतो, ते मी रंगांच्या असल्या दहा चित्रांहून वर ठेवीन. त्यात राबणाऱ्याची ओढ कोणत्या बाजूस होती, हे अद्याप वाचता येते.