‘सॉन्टर’ शब्दाची कुळकथा

रमतगमत, निरुद्देश चालण्यास इंग्रजींत ‘सॉन्टर’ म्हणतात. अमेरिकन ग्रंथकार हेन्री डेव्हिड थोरो मे १८६२ मध्यें वारला. पुढच्याच महिन्यांत त्याचा ‘वॉकिंग’ हा निबंध ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभींच या शब्दाची कुळकथा येते. मध्ययुगांत ‘सेंत तेर’स, म्हणजे पुण्यभूमीस, निघालों असें सांगून भिक्षा मागत फिरणाऱ्या लोकांवरून हा शब्द निघाला, असें थोरो सांगतो. ‘सां तेर’, म्हणजे भूमिहीन, ही दुसरी व्युत्पत्तीही तो देतो. पण ओढा पहिलीकडे. वारकऱ्यांच्या देशांत ती चटकन् पटावी, यांत नवल नाहीं!

तथापि दोन्ही कथा जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांतल्याच आहेत, आणि आजचे कोशकार त्या मानीत नाहींत. मूळ अनिश्चित आहे. पंधराव्या शतकांतल्या मिळत्याजुळत्या रूपाचा अर्थ चालणें नसून विचारांत गढून जाणें असा आहे. पायांशीं त्याचा संबंध सतराव्या शतकांत जडला.

यानें निबंधाची गोडी उणी होते, असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र ती व्युत्पत्ति प्रमाण म्हणून पुढें करणाऱ्या टीकाकारांस आम्ही क्षमा करणार नाहीं. थोरो रोज निदान चार तास हिंडे. पण शरीर रानांत आणि मन गांवांतल्या कामांत, असें झालें कीं तो स्वतःवरच चिडे. चालणें हें आधीं मनाचें, मग पायांचें, हाच त्याचा आग्रह. शब्दाच्या जुन्या अर्थांत नेमकें तेंच होतें. यात्रेकरूंच्या मोहांत तें त्याच्या हातीं लागलें नाहीं.