भातवडीची लढाई आणि ‘शिवभारता’ची साक्ष

इ. स. १६२४ मध्यें नगर शहराच्या पूर्वेस भातवडी येथें मलिक अंबरानें मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला, ही गोष्ट निर्विवाद आहे. वाद आहे तो या जयाचें श्रेय कोणाचें, याविषयीं. कांहीं लेखक ‘शिवभारत’ हातीं धरून सारें यश भोसल्यांच्या पदरीं घालतात. दुसरे कांहीं फारसी तवारिखांवर भिस्त ठेवून भोसल्यांचें नांवही गाळतात. दोघांजवळही जुनें साधन आहे; तेव्हां उणेपणा साधनांचा नसून तें वापरण्याच्या रीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें. कोणताही ग्रंथ सबंधच्या सबंध ग्राह्य किंवा सबंधच्या सबंध त्याज्य नसतो. ग्रंथकारास अमुक गोष्ट कळण्याचा मार्ग कोणता होता, हें विधानागणिक पाहून त्या त्या विधानाची किंमत ठरवावी लागते.

‘शिवभारता’चा कर्ता कवींद्र परमानंद हा आमच्याच जिल्ह्यांतील नेवाशाचा. अध्यायांच्या पुष्पिकांत तो आपणांस निधिनिवासकर म्हणवितो. मात्र त्याचा ग्रंथ नेवाशास मिळाला नाहीं. तो तंजावरास मिळाला, आणि कै. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलेली त्याची आवृत्ति भारत इतिहास संशोधक मंडळानें इ. स. १९२७ त प्रसिद्ध केली. साधन जेथें निर्माण झालें तेथेंच तें सांपडेल अशी अपेक्षा धरूं नये, हा पहिला बोध. पुष्पिकांत ग्रंथास ‘शतसाहस्री संहिता’ म्हटलें आहे. उपलब्ध ग्रंथ एकतिसाव्या अध्यायापुढें नऊ श्लोकांवर खुंटतो. महाभारताच्या अनुकरणानें आलेलें तें बिरुद आहे, श्लोकांची मोजदाद नव्हे. ज्यास संस्कृत ग्रंथांचा संकेत ठाऊक नाहीं तो येथें नाहक लाख श्लोकांचा शोध करीत बसेल. संकेत कोणता व साक्ष कोणती, हा विवेक हा दुसरा बोध.

असे असूनही या काव्याचें ऐतिहासिक मोल मोठें आहे. शिवजन्माची तिथि त्यांत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी येते. बखरींतून शके १५४९ च्या वैशाखांतील तिथि रूढ झाली होती. लोकमान्य टिळकांस कारीच्या जेधे देशमुखांकडून मिळालेली व इ. स. १९१६ त छापली गेलेली शकावली शके १५५१ च्याच पक्षाची निघाली. एक पोथी तंजावरची, एक कागद मावळांतला. एकानें दुसऱ्यावरून उतरून घेतल्याचें दिसत नाहीं. अशा परस्परनिरपेक्ष साक्षींच्या मेळासच आम्ही पुरावा म्हणतों. एका बखरीवरून दुसरी व दुसरीवरून तिसरी रचिली, तर साक्षी तीन होत नाहींत, एकच राहते. कवीच्या अस्तित्वाविषयींही असाच तिऱ्हाईत आधार आहे: इ. स. १६६६ च्या आग्रा-प्रकरणासंबंधीं जयपूर दरबाराच्या राजस्थानी पत्रांत कवींद्र परमानंद येतो.

आतां भातवडीकडे वळूं. लढाई झाली तेव्हां शिवाजीमहाराजांचा जन्मही झाला नव्हता; परमानंद तर शिवकालीं लिहितो. अर्थात् तो रणाचा प्रत्यक्ष साक्षी नव्हे. त्याचें साधन म्हणजे भोसले घराण्यांतील आठवण. घराण्यांतील आठवण कशांत बळकट असते? आपल्या घरचे कोण लढले, कोण पडले, यांत. म्हणून शहाजीराजे व त्यांचे बंधु शरीफजी या रणांत होते व शरीफजी तेथेंच पडले, हें त्याचें कथन आम्ही अव्वल प्रतीचें मानतों. परंतु जय कोणत्या कारणानें झाला, हें ठरविण्यास घरची आठवण पुरी पडत नाहीं. आणि वीररसाचें वर्णन तर काव्याचा धर्मच आहे.

फारसी पक्ष पाहतां, जहांगिराच्या दरबारचा मुतमदखान आपल्या बाजूच्या पराभवाचा दोष जाधवराव व उदाजीराम यांच्या पळावर ठेवतो. मुल्ला महंमद लारी हा विजापुरी सेनापति पडला, हें त्याचें म्हणणें ग्राह्य. पण दोषाची वांटणी करणारा स्वतः हरलेल्या पक्षाचा आहे, हें विसरूं नये. अंबरानें तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोंवतीं चिखल केला, असेंही फारसी आधारानें सांगतात. येथें भूमि स्वतः साक्ष देते: आजच्या भातोडीस मेहेकरी नदीवर निजामशाही काळचा तलाव आहे आणि इ. स. १८८४ च्या जिल्हा-गॅझेटियरांत त्याचें वर्णन आहे. तेव्हां युद्धाची योजना अंबराची, आणि ती पार पाडणाऱ्या तलवारींत भोसल्यांचा वांटा मोठा, हा निर्णय दोन्ही साक्षींस न दुखवितां निघतो. फारसी लेखकानें एखादें मराठी नांव घेतलें नाहीं, एवढ्यानें तो मनुष्य रणांत नव्हता असें ठरत नाहीं.

एक प्रश्न मात्र उरतो. भातोडीस शरीफजींची म्हणून समाधि दाखवितात. ही परंपरा स्वतंत्र असेल तर ‘शिवभारता’स तो भक्कम दुजोरा होईल, पण इ. स. १९२७ नंतर छापील ग्रंथ वाचून ती पसरली असेल तर तिची किंमत शून्य. याचा निकाल तर्कानें लागणार नाहीं. तो लागेल त्या गांवच्या कुलकर्णी-पाटलांच्या रुमालांतील एखाद्या जुन्या मोडी कागदानें, दिवाबत्तीच्या इनामाच्या एखाद्या ओळीनें.

म्हणूनच संग्राहकांस आमची विनंति आहे. कागद मिळाला कीं चांगलें अक्षर व ठळक शिक्का पाहून तेवढाच उचलावा आणि बाकीचा रुमाल मोडींत जाऊं द्यावा, ही चाल घातक आहे. रुमालांतून सुटलेला कागद म्हणजे गोत्र विसरलेला मनुष्य. त्याची साक्ष घ्यावी कशी? कागद कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, कोणत्या कागदांच्या सोबत मिळाला, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. नक्कल असल्यास नक्कल म्हणून लिहावें. आणि रुमाल फोडूं नये. नगर तालुक्यांतील ज्या घरांत भातोडी परगण्याचे जुने कागद असतील, त्यांनीं ते विकण्यापूर्वीं निदान एकदां मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावे. समाधीचा प्रश्न तेथेंच सुटण्याजोगा आहे.