भंगारातून काय उचलावं?

निकोलस कॉलिन्स यांचं 'हँडमेड इलेक्ट्रॉनिक म्युझिक' २००६ साली आलं आणि २०२० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. घरच्या घरी आवाजाची चमत्कारिक यंत्रं जोडणाऱ्यांच्या जगात त्याला क्रमिक पुस्तकाचा मान आहे. माझ्या प्रतीवर सोल्डरचे डाग आहेत, इतकं मी ते वापरलंय. तरीही माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे, आणि ती सुट्या भागांच्या निवडीबद्दल आहे.

आधी त्याचं मोठेपण. कॉलिन्स हे संगीतकार ॲल्विन लूसिए यांचे विद्यार्थी. ते ओहमच्या नियमापासून सुरुवात करत नाहीत. आधी ऐकायला लावतात. कॉइल घेऊन घरातल्या उपकरणांची विद्युतचुंबकीय गुणगुण ऐका. बॅटरीवरचा रेडिओ उघडा, ओलसर बोटं सर्किटवर टेकवा आणि आपल्या कातडीलाच रेझिस्टर होऊ द्या. बोलक्या खेळण्याची चाल ज्या रेझिस्टरवर ठरते तो काढून तिथे पोटेन्शिओमीटर बसवा. मग येते सीमॉस चिप: प्रत्येकी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्या भांडवलावर एका चिपमधून सहा ऑसिलेटर. कपॅसिटर कुठला घ्यायचा? हाताला लागेल तो. मोठा असेल तर सूर खाली जाईल, लहान असेल तर वर चढेल. कानाला आवडला तर ठेवायचा. गणिताला घाबरून लांब राहिलेल्या किती जणांच्या हातात या पुस्तकानं सोल्डरिंग आयर्न दिलं असेल!

पण 'हाताला लागेल तो' हे सूत्र चालतं, कारण कॉलिन्स यांनी सर्किटंच तशी निवडली आहेत. ही चिप ३ व्होल्टवर चालते आणि १५ व्होल्टवरही चालते. ती फार तक्रार करत नाही. वाचक मात्र समजतो की सगळेच भाग असे गुणी असतात. मग तो भंगारातला सुटा ट्रान्झिस्टर उचलतो, आणि पुस्तकानं दिलेली निर्भयता तिथे पुरत नाही.

आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारा ट्रान्झिस्टर बीसी ५४७. त्याच्या नावापुढे ए, बी किंवा सी असं अक्षर असतं. ए गटाचा गेन ११० ते २२०, सी गटाचा ४२० ते ८००. म्हणजे एकाच नावाच्या दोन भागांत सातपट फरक पडू शकतो. अभियांत्रिकीचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे: गेनच्या नेमक्या आकड्यावर विसंबू नका, फीडबॅक द्या, भागाचा स्वभाव सर्किटनं झाकून टाका. रेडिओ, ॲम्प्लिफायर, मोजमापाची यंत्रं यांच्यासाठी हे शहाणपण योग्यच आहे.

गिटारच्या आवाजाला फाडून खरखरीत करणारा फझ फेस हा पेडल या शहाणपणाच्या बाहेरचा. १९६६ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या, जिमी हेंड्रिक्समुळे अजरामर झालेल्या या पेडलच्या सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पोटेन्शिओमीटर असे अकराच भाग आहेत. सुरुवातीला त्यात एनकेटी २७५ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. पुढे बीसी १०८ सारखे सिलिकॉनचे आले. इथे भागाचा स्वभाव झाकला जात नाही, थेट ऐकू येतो. म्हणूनच दोन जुने फझ फेस एकसारखे वाजत नाहीत, आणि म्हणूनच जर्मेनियमभोवती एक भाबडा पंथ तयार झाला. अमुक नंबर, अमुक कारखाना, अमुक साल. जुनं ते सोनं, आणि भावही सोन्याचाच.

या पंथाला आर. जी. कीन यांचा 'द टेक्नॉलॉजी ऑफ द फझ फेस' हा लेख चांगलं उत्तर देतो. लेखाची भाषा कोरडी आहे, पण मला तो समीक्षेचा नमुना वाटतो, कारण तो आवडीनिवडीला कारणं मागतो. त्यांच्या मते किमया नंबरात नसते. गेन आणि गळती या दोन गोष्टी बघाव्यात. पहिल्या ट्रान्झिस्टरचा गेन सत्तर-ऐंशीच्या आसपास, दुसऱ्याचा शंभराच्या वर, आणि गळती कमी. मोजायची रीतही सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि कलेक्टरला सुमारे २४७२ ओहमचा रेझिस्टर लावा. बेस मोकळा असताना त्या रेझिस्टरवर जे व्होल्टेज दिसतं ती गळती. मग २.२ मेगओहममधून बेसला सुमारे ४ मायक्रोॲम्पियर द्या. आता दिसणाऱ्या आकड्यातून गळतीचा आकडा वजा करा आणि उरलेल्या व्होल्टला शंभरानं गुणा. हा खरा गेन. साध्या मल्टिमीटरच्या भोकात ट्रान्झिस्टर खुपसला तर तो गळतीलाही गेन समजतो आणि फुटक्या भांड्याला भरलेलं म्हणतो.

हे आपल्याला परकं नाही. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवत असे. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या जुन्या रेडिओच्या आउटपुटला असे ट्रान्झिस्टर सापडतात. ते काढताना डाग आणि ट्रान्झिस्टरच्या मधे पाय पकडीनं धरावा, म्हणजे उष्णता पकडीत जाते. मोजताना बोट लावू नये, कारण बोटाच्या उबेनंही आकडा चढायला लागतो. जर्मेनियमची गळती साधारण दर १० अंशांना दुप्पट होते. लंडनच्या गारठ्यात बायस केलेला पेडल नागपूरच्या मे महिन्यात तसाच वाजेल ही अपेक्षाच चुकीची.

इथे माझी तक्रार पूर्ण होते. कॉलिन्स यांचं भंगार सुबत्तेतलं आहे: टाकून दिलेली खेळणी, कंटाळा आलेले रेडिओ. तिथे मोडणं म्हणजे मुक्ती. लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांतला दुरुस्तीवाला त्याच भंगाराकडे उलट्या बाजूनं बघतो. एका मेलेल्या बोर्डातून तो दुसरा जिवंत करतो. कुठला कपॅसिटर सुकला असेल, कुठल्या ट्रान्झिस्टरवरचा नंबर पुसून नवा छापला असेल, हे त्याला दिसतं. त्याला कोणी प्रयोगशील कलावंत म्हणत नाही. पण निवड करणं म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे, आणि पुस्तकात नेमकं तेच राहून गेलं आहे.

प्रश्न नुसत्या आवाजाचाही नाही. जर्मेनियमचे जुने साठे संपत चालले आहेत. एका पेडलसाठी चालता रेडिओ फोडला की आवाजाचं एक यंत्र वाढतं आणि एक कायमचं कमी होतं. म्हणून मी तीन गोष्टी पाळतो. सर्किटला भागाचा स्वभाव ऐकूच येत नसेल, तर दुकानातला नवा बीसी ५४७ घ्यावा. ऐकू येत असेल, तर जुना भाग घ्यावा, पण मोजून घ्यावा. नावावर भुलू नये. आणि जे अजून वाजतंय ते भंगार नव्हे.

कॉलिन्स यांचं पुस्तक जरूर वाचा, तेही आधी वाचा. भीती घालवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. त्याच्या शेजारी कीन यांचा लेख आणि एक मल्टिमीटर ठेवा. पारख शिकायची ती तिथून, आणि जमलं तर एखाद्या दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून.