मरणाची स्तुती आणि शोकांतिका

विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिकेत मनुष्यवधाबरोबरच मरणाची स्तुती करून दुसऱ्यास मरणास प्रवृत्त करणे हाही भिक्षूचा अक्षम्य अपराध मानला आहे. शोकांतिकेत आत्महत्या दाखविली म्हणून ती दोषास्पद ठरत नाही. ती मरणाची स्तुती करते काय, हा आमच्या मते खरा प्रश्न आहे.

ग्रीक नाटककारांनी त्याचे एकच उत्तर दिलेले नाही. सोफोक्लीजचा एजॅक्स देवतेने घातलेल्या भ्रमात शत्रू समजून गुरांची कत्तल करतो. भानावर येताच अप्रतिष्ठा असह्य होऊन तो जीवन संपवितो. मागे राहणाऱ्या टेक्मेसेची विनवणी त्यास थोपवू शकत नाही. युरिपिडीजच्या हेराक्लीजचे कृत्य याहून भयंकर आहे. वेडाच्या भरात त्याच्या हातून पत्नी व मुले मारली जातात. तोही मरणच इच्छितो. परंतु मित्र थीसियस विटाळाची पर्वा न करता त्याच्याजवळ येतो, त्यास अथेन्समध्ये आसरा देऊ करतो. आणि हेराक्लीज जगण्याचे धैर्य स्वीकारतो.

वर्तकनगरपासून जवळच, मासुंदा तलावाकाठच्या नाट्यगृहास राम गणेश गडकरी यांचे नाव आहे. त्यांच्या ‘एकच प्याला’चा प्रयोग प्रथम १९१९ साली झाला. त्यातील सुधाकर हा हेराक्लीजचाच सहोदर. मद्याच्या धुंदीत त्याने केलेला प्रहार सिंधूच्या मृत्यूस कारण होतो. नाटक मात्र त्यास एजॅक्सच्या वाटेने नेते आणि त्याचा अंत जणू प्रायश्चित्त म्हणून आपल्यापुढे येतो. व्यसनाची भीषणता गडकऱ्यांनी समर्थपणे रंगविली, याविषयी दुमत नाही. तथापि मोडलेले शील पुन्हा ग्रहण करता येते, हे जाणणाऱ्यास या नाटकात परतीची वाट दिसत नाही.

अंगुलिमालाने आपल्या हत्यांची फेड मरणाने केली नाही. भिक्षू झाल्यावर भिक्षाटनात दगड लागून तो रक्तबंबाळ होई. ते सोसण्यास तथागतांनी त्यास सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या धम्मदीक्षेत ही कथा घेतली आहे.

व्यसनाने मोडलेली घरे आमच्या वस्त्यांतही आहेत. तेथील माणसास सुधाकराचा अंत अटळ वाटू नये. थीसियसप्रमाणे त्याच्याजवळ जाऊन बसणे, हे आपणा उपासकांचे काम आहे.