युद्धातलं जनावर

युद्धाच्या गोष्टीत अजस्र जनावर आणणं तसं सोपं. चार ओळींत पंख, दात आणि धूर लिहिला की झालं काम. खरी कसोटी पुढे लागते. त्याचं ओझं कोण उचलणार, त्याला खायला काय घालणार, आणि ऐन लढाईत ते अडून बसलं तर काय करणार? ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचताना मी आधी हे शोधतो. ही खोड मोखाड्याच्या बोहाड्यानं लावली.

शिमगा झाला की जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात बोहाडे, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचे उत्सव, सुरू होतात आणि गावोगावच्या ठरल्या वेळा धरत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. नागली-वरईची कामं कधीच आटोपलेली असतात. वीटभट्ट्यांवर गेलेली बिऱ्हाडं होळीला घरी परतलेली असतात. विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि रात्री गावात संबळ वाजत असतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी अशी पाड्यापाड्यावरची माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना बसतात नि मधून सोंगं निघतात. आधी गणपती, मग मोरावरची सारजा. त्यानंतर रामायण, महाभारत, पुराणं सगळी एकमेकांत मिसळून येतात: रावण, त्राटिका, भीम आणि बकासुर, हिरण्यकश्यपू आणि नरसिंह, वेताळ. कालक्रमाची फिकीर कुणालाच नसते. शेवटी, उजाडता उजाडता, जगदंबा आणि महिषासुर समोरासमोर येतात.

बोहाड्याचं वर्णन करणारे बहुतेक जण मुखवट्यांच्या रंगांपाशी थांबतात. मला त्यांचं वजन जास्त महत्त्वाचं वाटतं. मुखवटा लाकडाचा असतो, नाहीतर कागदाच्या लगद्याचा. जव्हारजवळच्या रामखिंडीसारख्या गावात लगद्याचे मुखवटे करणारे हात अजून आहेत. लाकडी मुखवटा चांगला जड असतो. सोंग घेणाऱ्याच्या डोक्याला आधी कापड गुंडाळतात आणि मुखवटा त्यावर आवळून बांधतात. आत गेलेल्या माणसाला समोरचं जेमतेम दिसतं. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना मशालवाले लागतात, पुढून वाट दाखवणारा लागतो, मागून सावरणारा लागतो. महिषासुर येतो तो असा चार-पाच माणसांना घेऊन. राक्षस एकटा चालूच शकत नाही, आणि हे लपवायचा कुणी प्रयत्नही करत नाही. पडदा नाही, विंग नाही. मशालीत तेल ओतणारा माणूस राक्षसाच्या कोपराशी उभा आहे आणि तरीही पोरं आईला बिलगतात.

हे कसं साधतं? एक तर चालीमुळे. सोंग धावत येत नाही. संबळाच्या ठेक्यावर काही पावलं पुढे, काही मागे, पुन्हा पुढे असं ते रस्ता कापतं. डोक्यावर एवढं ओझं असताना मान झटकून चालणारच नाही. सगळी हालचाल गुडघ्यांत आणि खांद्यांत उतरते. ओझ्यानं लादलेली ही संथ चाल आपल्याला त्या जनावराचा स्वभाव वाटायला लागते. दुसरं म्हणजे उजेड. मुखवट्याचे डोळे रंगवलेले, ते हलायचे कसे? पण मशालीची ज्योत हलते, नाकाची सावली गालावरून सरकते आणि रंगवलेला डोळा आपल्याकडे वळल्याचा भास होतो. आता बऱ्याच ठिकाणी झगझगीत दिवे लावतात. सोय म्हणून ठीक आहे, पण त्या पांढऱ्या उजेडात महिषासुराचा नुसता मुखवटा दिसतो, महिषासुर दिसत नाही.

लढाई अशी की तिला लढाई म्हणावं का, असा प्रश्न बाहेरून आलेल्याला पडेल. दोघं एकमेकांवर चालून जातात, शस्त्रं भिडतात न भिडतात तोच बाजूनं निघून जातात, वळतात, पुन्हा येतात. संबळ चढतो, पिपाणी टिपेला जाते. देवीचं सोंग घेणाऱ्याच्या अंगात येतं, त्याला धरावं लागतं. रक्ताचा थेंब नाही, आरोळ्या नाहीत. आहे ते राक्षसाचं परत परत येणं. प्रत्येक फेरीत वाटतं, आता हा मागे फिरला, गेला. तो जात नाही. शेवटी पडतो तेव्हा जल्लोष होतो, बायाबापड्या देवीपुढे नवस फेडायला सरसावतात. पण त्या फेऱ्यांमध्ये गावानं महिषासुरालाही मनासारखं नाचू दिलेलं असतं. कुणाच्या सोंगाची पावलं चांगली पडली याची चर्चा दुसऱ्या दिवशी होते तेव्हा राक्षसाला देवापेक्षा कमी गुण मिळत नाहीत. अनेक सोंगांचा मान ठरलेल्या घरांकडे असतो आणि राक्षसाचा मान म्हणजे कमीपणा, असं कुणी मानत नाही. मुखवट्याची पूजा होते, मग तो कुणाचाही असो. आणि तो असुर शेवटी रेडाच. पावसात भाताच्या खाचरात चिखलणीला उतरणारं जनावर. त्याचा द्वेष करणं या मुलखाला परवडणारं नाही.

जव्हारच्या राज्याची दंतकथासुद्धा जनावरापासूनच सुरू होते. जयबा मुकणे या कोळी सरदारानं वारली राजाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, राजानं हसून होकार दिला, आणि मुकण्यानं कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी जव्हारचा सगळा प्रदेश वेढला. तिकडे कार्थेजच्या डायडो राणीच्या नावावरही हीच युक्ती सांगतात, म्हणजे गोष्ट हिंडती असणार. इतिहास एवढाच की १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानानं मुकण्यांचं राज्य मान्य केलं आणि ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. गोष्टीत हरलेल्या वारली राजाला समजूत म्हणून गंभीरगड मिळतो. चतुर गोष्ट आहे, तरी ती मला कधी भिडली नाही. तिच्यातलं जनावर आधीच मेलेलं आहे. त्याच्याकडे कातडं आहे, मत नाही.

मत असलेलं जनावर मराठीत एकच, आणि त्यासाठी सिंहगडावर जावं लागतं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढले, हे इतिहासाला ठाऊक आहे. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे चढतात; घोरपडीचा तिथे पत्ता नाही. ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, आणि येते ती नाव घेऊन, यशवंती. आपल्या युद्धकथांत अद्भुत प्राण्याला सैन्यातलं पद मिळालं ते बहुधा इथेच. तिची पूजा होते, कमरेला दोर बांधला जातो, ती कड्याला लागते, आणि अर्ध्यातून मागे फिरते.

पोवाड्याचा कळस लोक तानाजीच्या तुटलेल्या ढालीत किंवा शेलारमामाच्या त्वेषात शोधतात. माझ्या मते तो इथे आहे. घोरपडीला पुढचं कळलेलं आहे, धन्याचं आयुष्य सरत आल्याचं तिला दिसतं, आणि तिच्यापाशी सांगायला भाषा नाही. मागे फिरणं हेच तिचं बोलणं. बरोबरच्यांना ते समजतं, अपशकुनाची शंका निघते. तानाजीलाही ते समजलं असणार, म्हणून तर तो एवढा भडकतो. चढली नाहीस तर तुला कापून भाकरीबरोबर खाईन, असा त्याचा दम आहे. क्षणापूर्वी जिची पूजा केली तिला आता कोरड्यास करण्याची धमकी! शाहिरानं नायकाला इथे जराही झाकलेलं नाही. यशवंती चढते. दोर पक्का होतो, माणसं वर जातात आणि पुढचं सगळं तिनं पाहिलं होतं तसंच घडतं.

शाहिरानं घोरपड का घातली, याचा खुलासा मागणाऱ्यांची मला गंमत वाटते. घोरपडीला माणसाचं वजन पेलेल का, वगैरे. जव्हारकडच्या रानात घोरपड पाहिलेला कुणीही सांगेल की ती कपारीत नखं रोवून अंग फुगवते तेव्हा ओढून निघत नाही. दंतकथेला एवढा आधार पुरतो. शिवाय याच पोवाड्यात तानाजी पाटलाच्या वेशात गडाखालच्या कोळी पहारेकऱ्यांना भेटून गडाची बित्तंबातमी काढतो. कडा ज्यांच्या पायाखालचा, तीच माणसं पहाऱ्यावर. मुकण्यांच्या मुलखात बसून पोवाडा ऐकताना कान तिथे आपोआप टवकारतात.

नाओमी नोविक या अमेरिकन लेखिकेनं यशवंतीचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. पण २००६ मध्ये आलेली तिची 'हिज मॅजेस्टीज ड्रॅगन' ही कादंबरी आणि २०१६ पर्यंत चाललेली नऊ पुस्तकांची मालिका वाचताना मला मोखाडाही आठवला आणि सिंहगडही. काळ नेपोलियनच्या युद्धांचा. इतिहास जवळजवळ जसाच्या तसा, फक्त प्रत्येक देशाकडे ड्रॅगनांचं हवाई दल आहे. (जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात स्वतः हवाई दलात होते, ही कादंबरी त्यांच्या हाती पडायला हवी होती.) विल लॉरेन्स हा इंग्रज आरमाराचा कप्तान एक फ्रेंच जहाज पकडतो, त्यावर ड्रॅगनचं अंडं सापडतं. चीनच्या बादशहानं ते नेपोलियनला भेट म्हणून पाठवलेलं असतं. अंडं समुद्रातच फुटतं, पिल्लू नेमून दिलेल्या पोराकडे पाठ फिरवून लॉरेन्सशी बोलायला लागतं, आणि या सरळ आरमारी गृहस्थाचं करिअर तिथल्या तिथे आटोपतं. पिल्लाचं नाव टेमेरेअर.

नोविकचं कसब तपशिलात आहे. तिच्या ड्रॅगनवर एकटा शूर स्वार बसत नाही. अंगाभोवती कातडी पट्ट्यांचा साज, त्याला कड्यांनी अडकवलेले बंदूकधारी, टेहळणीवाले, पोटाखाली बाँब टाकणारे. जमिनीवर साज दुरुस्त करणारे, गुरं हाकून आणणारे. मशालवाल्यांशिवाय महिषासुर चालत नाही, तसाच हा. लेव्हिटास नावाच्या छोट्या ड्रॅगनचा कप्तान रँकिन त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. साज मळलेला, कातडी सोललेली. टेमेरेअरबरोबरची माणसं त्याला धुऊन काढतात तेव्हा त्या बिचाऱ्याला झालेला आनंद वाचवत नाही. पुढे तो जबर जखमी होऊन पडतो, तेव्हा लॉरेन्सला रँकिनला अक्षरशः ओढत त्याच्यापाशी आणावं लागतं. आणि लेव्हिटास खूश होऊन मरतो. सगळ्या मालिकेत एवढा निष्ठुर प्रसंग दुसरा नाही, आणि तो रणांगणावरचा नाही.

टेमेरेअर वाचून घेतो. लॉरेन्स त्याला न्यूटन वाचून दाखवतो नि प्राण्याला तो लॉरेन्सपेक्षा लवकर कळतो. दुसऱ्या भागात ते चीनला जातात. तिथे ड्रॅगन रस्त्यांतून मोकळे फिरतात, मजुरी कमावतात, शिजवलेलं खातात. परतल्यावर टेमेरेअर इंग्लंडमध्ये पगाराचा विषय काढतो. काही वाचकांना हे हास्यास्पद वाटतं. मला इथेच मालिका गंभीर झाल्यासारखी वाटते, कारण यातून चौथा भाग उगवतो, 'एम्पायर ऑफ आयव्हरी'. ड्रॅगनांमध्ये साथ पसरते, आफ्रिकेत औषध सापडतं, आणि इंग्रज सरकार ते स्वतःपुरतं ठेवून रोग मुद्दाम युरोपात सोडायचं ठरवतं. शत्रूचे ड्रॅगन मरतील, युद्ध संपेल. टेमेरेअर म्हणतो, हे मी होऊ देणार नाही. लॉरेन्स त्याच्याबरोबर औषध घेऊन फ्रान्सला जातो, नि मग राजद्रोहाची शिक्षा भोगायला परत येतो.

यशवंती मागे फिरली ती धन्याला वाचवायला. टेमेरेअर फिरतो तो शत्रूच्या जनावरांना वाचवायला. ती हरते, तो जिंकतो, आणि जिंकल्याची किंमत धनी मोजतो. शाहिरानं हा क्षण मोजक्या कडव्यांत उरकला, नोविकला चार कादंबऱ्या लागल्या. पण तिनंही तो अर्धवट सोडलेला नाही.

मालिकेचा उत्तरार्ध मात्र सैल आहे. ऑस्ट्रेलियाचा भाग वाळवंटासारखाच लांबतो. मराठी वाचकाची तक्रार याहून वेगळी असेल. ट्रफाल्गरमध्ये नोविक नेल्सनला जिवंत ठेवते, चीन, आफ्रिका, इंका, जपान, रशिया सगळीकडे जाते, पण हिंदुस्थानावर स्वतंत्र पुस्तक नाही. पुढे वेलस्ली भेटतो, इंग्लंड वाचवायला आलेला. तोच वेलस्ली, ज्यानं २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. ट्रफाल्गरच्या दोनच वर्षं आधी. ही जागा तिनं रिकामी सोडली आहे, आणि ती भरायला शाहिराची घोरपड आणि बोहाड्याचा रेडा ऐकून-पाहून असलेला कुणी हवा. असईच्या मैदानावरच्या आगीनं मात्र त्यानं सुरुवात करू नये. शिंद्यांच्या गोटातल्या त्या जनावराला रोज किती रेडे लागत, ते कुठल्या गावांतून उचलले जात आणि त्या गावांची त्या साली पेरणी कशी झाली, इथून करावी.