फटीत राहिलेला प्रश्न

तत्त्वज्ञानाचा माणूस कॉम्प्रेसरच्या पात्यांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण आम्हाला टीका करायची आहे ती एका सवयीवर. आकडा जुळला की विषय समजला, असं मानायची सवय.

उदाहरण घेऊ ‘रोटर ३७’चं. नासाच्या क्लीव्हलँड इथल्या केंद्रात १९७०च्या दशकात हा रोटर तयार झाला. पाती ३६, फेरे मिनिटाला सतरा हजारांवर. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ४५४ मीटर. म्हणजे टोकापाशी हवा पात्याला आवाजाच्या सुमारे दीडपट वेगानं भिडते. तिथं शॉक वेव्ह उभी राहते आणि हवेचा दाब एकदम चढतो.

आता पात्याचं टोक आणि बाहेरचं केसिंग यांत फट असते, जेमतेम ०.३६ मिलिमीटर. तिच्यातून हवा निसटते, भोवरा होतो आणि तो शॉकला भिडतो. प्रवाह कमी करत नेला की हा अडथळा फुगत जातो आणि शेवटी स्टॉल. केसिंगला आतून खाचा पाडल्या तर स्टॉल लांबवता येतो, पण बहुधा कार्यक्षमतेतून थोडी किंमत मोजून. ‘सर्वोत्तम पातं कोणतं?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कशासाठी सर्वोत्तम, ते आधी सांगा!

१९९४ साली या रोटरवर एक जाहीर परीक्षा झाली. वेगवेगळ्या गटांना पात्यांचा आकार दिला, मोजमापं मात्र झाकून ठेवली. ज्यानं त्यानं आपापल्या संगणकावर गणित करायचं. उत्तरं एकमेकांशीच जुळेनात. आणि हबजवळ, म्हणजे पात्याच्या मुळाशी, मोजलेला दाब कमी होता. तो बहुतेकांना दिसलाच नाही.

पुढे १९९७ मध्ये नासाच्याच संशोधकांनी एक कारण सुचवलं. रोटरच्या आधीचा स्थिर भाग आणि फिरता भाग यांमध्ये एक बारीक फट होती. तिच्यातून येणारी हवा मुख्य प्रवाहाच्या एक टक्क्याहूनही कमी. पण तेवढ्यानं हबजवळचं चित्र बदलतं. गणितासाठी दिलेल्या आकारात ही फट नव्हतीच.

आमचा आक्षेप गणितावर नाही. गणितानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्नातून काय वगळलं, हे कुणी विचारलं नाही, आक्षेप त्यावर आहे.

शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या फिटरला हे पटवून द्यावं लागत नाही. ड्रॉइंग आणि जॉब यांत अंतर असतं, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. आपली मुलं मात्र सिम्युलेशनची रंगीत चित्रं प्रोजेक्टला जोडतात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. आम्ही शिक्षकही मार्क देऊन मोकळे होतो. दोष आमचाही आहे.

तेव्हा चित्राखाली एक ओळ लिहायला लावा: ‘यात आम्ही काय धरलेलं नाही.’ त्या ओळीला वेगळे मार्क द्या. इथं थांबू. प्रश्न असतील तर विचारा.